मधलं चित्र

तोक्योच्या पश्चिम भागात, सुगिनामी आणि नेरिमा या पट्ट्यात, ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, करणाऱ्या स्टुडिओंची दाटी आहे. मध्यरात्र उलटली तरी तिथल्या गल्ल्यांतून छोट्या गाड्या फिरत असतात. गाडी चालवणारा बहुधा विशीतला निर्मिती-सहायक असतो आणि मागच्या सीटवर कागदी पाकिटांची चवड. घरी बसून काम करणाऱ्या चित्रकाराच्या दारातून पाकीट उचलायचं, दिग्दर्शकाच्या टेबलावर ठेवायचं, तिथून तपासून आलेलं पुढच्या माणसाकडे न्यायचं. एका पाकिटात एक कट, म्हणजे दृश्याचा एक सलग तुकडा. टीव्हीवरच्या वीस-बावीस मिनिटांच्या एका भागात असे साधारण ३०० कट असतात आणि चित्रं काही हजार.

पाकीट उघडलं की वर टाइमशीट असते. लांब उभा तक्ता, एका पानावर ६ सेकंद म्हणजे १४४ फ्रेम, आणि कोणत्या फ्रेमला कोणतं चित्र दिसणार त्याचे आकडे. त्याखाली दृश्याची मांडणी, म्हणजे लेआउट. मग गेंगा, हालचालीचे मुख्य टप्पे: हात उचलायच्या आधी, उचलताना, उचलून झाल्यावर. त्यावर चित्र-दिग्दर्शकाच्या दुरुस्त्या, पिवळ्या किंवा गुलाबी पातळ कागदावर. मूळ रेघ कोणाची आणि सुधारलेली कोणाची, हे कागदाच्या रंगावरूनच कळतं. शेवटी दोगा, म्हणजे मुख्य चित्रांच्या मधली चित्रं, स्वच्छ रेघेत काढलेली. सगळ्या कागदांना वरच्या कडेला तीन भोकं असतात आणि ती टॅप नावाच्या धातूच्या पट्टीवर बसतात. ॲनिमेमध्ये एक चित्र बरेचदा तीन फ्रेम टिकतं, त्यामुळे २४ फ्रेमच्या एका सेकंदाला ८ चित्रं पुरतात. ही आठ चित्रं एकमेकांवर अचूक बसायला हवीत, म्हणून ती भोकं.

ॲनिमे डिजिटल झालं, असं आपण सहज म्हणतो. त्यावर आपल्या मनात जे चित्र उभं राहतं त्यात ही पाकिटं नसतात, कागद नसतात, कधी कधी माणूसही नसतो. प्रत्यक्षात गेली तीस वर्षं जे घडलं ते फार वेगळं आहे आणि मला ते पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. हाताच्या चित्रासाठी केलेली जी सॉफ्टवेअर टिकली, ती या पाकिटाकडून शिकली म्हणून टिकली.

संगणक आला तो रंगाच्या टेबलावर, साखळीच्या शेवटच्या टोकाला. सेलच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पारदर्शक तावाच्या, काळात दोगाचा कागद एका यंत्रातून काढत. उष्णतेने आणि कार्बनने पेन्सिलची रेघ पारदर्शक सेलवर उमटायची. सावलीची सीमा किंवा केसांवरची चमक दाखवणाऱ्या रंगीत रेघा मात्र यंत्राला जमत नसत. त्या कोणीतरी टाक रंगात बुडवून एकेक करून गिरवायचं. मग सेल उलटा करून मागच्या बाजूने रंग भरायचा, वाळेपर्यंत थांबायचं, धूळ बसू द्यायची नाही. सेलला स्वतःची किंचित झाक असते. चार-पाच थर एकावर एक ठेवले की तळाचा रंग मंदावतो. म्हणून तोच चेहरा वरच्या थरावर असताना एका छटेत आणि खालच्या थरावर असताना दुसऱ्या छटेत रंगवावा लागे. ही सगळी आकडेमोड डोक्यात ठेवणाऱ्या बहुतेक बायका होत्या. घिबली या स्टुडिओच्या चित्रपटांचे रंग वर्षानुवर्षं ठरवणाऱ्या मिचियो यासुदा (१९३९–२०१६) मूळच्या तोएई या जुन्या स्टुडिओच्या अशाच रंगविभागातल्या. समुद्राचा निळा सकाळी कोणता आणि वादळाआधी कोणता, हे ठरवणाऱ्या या बाईंचं नाव ॲनिमेच्या चाहत्यांना दिग्दर्शकांइतकंच ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

१९९३ साली सेल्सिस या जपानी कंपनीचं रेटास हे सॉफ्टवेअर बाजारात आलं. त्याच्या भागांची नावंच सांगतात की ते कोणाची कामं हाती घेत होतं: स्कॅन केलेल्या रेघेसाठी ट्रेसमन, रंगासाठी पेंटमन. त्याच सुमारास रोममधल्या डिजिटल व्हिडिओ या कंपनीने टून्झ हे तसंच सॉफ्टवेअर आणलं. तोएईने १९९७ च्या आसपास आपल्या मालिका सेलवरून हलवायला सुरुवात केली. घिबलीने त्याच वर्षी ‘मोनोनोके हिमे’ या चित्रपटात सुमारे १० मिनिटांचा भाग टून्झवर रंगवला आणि उरलेला सेलवर. पुढच्या काही वर्षांत जवळजवळ सगळेच बदलले. १९६९ पासून चालू असलेली ‘साझाए-सान’ ही मालिका तेवढी २०१३ पर्यंत सेलवर तगून राहिली.

रेघ अजून कागदावरच होती, पेन्सिलनेच निघत होती. पण स्कॅनरमधून जाताना तिचं काय होत होतं, ते बघण्यासारखं आहे. रंग पटापट भरायचा तर संगणकाला बंद आकार लागतो. बंद आकार हवा तर रेघेने स्पष्ट सांगायला हवं की ती इथे आहे किंवा नाही. त्यामुळे पेन्सिलच्या सगळ्या करड्या छटा काढून टाकून रेघ निव्वळ काळी करत. लाल आणि निळ्या रेघा, म्हणजे चमक आणि सावली यांच्या सीमा, वेगळ्या ओळखून रंग भरल्यावर शेजारच्या रंगात मिसळून टाकत. अशी रेघ जवळून पाहिली तर पायऱ्या-पायऱ्यांची दिसते. त्या पायऱ्या अगदी शेवटी, सगळे थर एकत्र करताना, गुळगुळीत केल्या जातात. त्यासाठी ओएलएम डिजिटल या कंपनीने केलेलं स्मूदर नावाचं छोटं प्लगइन कितीतरी स्टुडिओंमध्ये वापरलं गेलं. आपण पडद्यावर जी सुबक, एकसारखी ॲनिमे रेघ पाहतो, ती पेन्सिलची रेघ या दोन चाळण्यांतून गेल्यावर उरलेली असते. पेन्सिल कुठे दाबली होती, कुठे हलकेच उचलली होती, ते त्यात बहुतेक राहत नाही. मला हे नुकसान मोठं वाटतं. सत्तरच्या दशकातल्या मालिकांमध्ये कार्बनच्या यंत्राने आणलेली खरखरीत, जाड-बारीक रेघ पाहिलेल्या माणसाला ते लगेच जाणवेल.

दुसरं नुकसान लक्षात यायला वेळ लागला. सेलचं छायाचित्रण फिल्मवर होत असे आणि फिल्मवर जे आहे ते आज पुन्हा, अधिक बारकाईने, स्कॅन करता येतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं ज्या मालिका थेट संगणकावर तयार झाल्या, त्यातल्या बऱ्याच तेव्हाच्या टीव्हीच्या आकाराच्याच आहेत. त्या मोठ्या करता येतात, पण जे नोंदलंच गेलं नाही ते त्यात येणार कुठून? याचा आपल्याकडचा अनुभव ताजा आहे. युगो साको, कोइची सासाकी आणि मुंबईचे राम मोहन यांनी मिळून केलेला जपानी-भारतीय ‘रामायण’ हा ॲनिमेशनपट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, संपूर्ण सेलवरचा. तो २०२५ च्या जानेवारीत ४के रूपात आपल्या चित्रपटगृहांत आला. मोठ्या पडद्यावर सीतेच्या चेहऱ्यावरची रेघ आणि मागच्या झाडांवर ब्रशने टेकवलेला रंग दोन्ही स्पष्ट दिसत होते. त्याच्यानंतर दहा वर्षांनी, अधिक नव्या साधनांनी केलेल्या कितीतरी मालिकांना हे भाग्य नाही.

एवढं सांगितल्यावर ‘होहोकेक्यो तोनारी नो यामादा-कुन’बद्दल सांगितलं नाही तर अन्याय होईल. १९९९ चा हा इसाओ ताकाहातांचा चित्रपट म्हणजे संपूर्ण डिजिटल रंगवलेलं घिबलीचं पहिलं काम. वर्तमानपत्रातल्या चार चौकटींच्या व्यंगचित्रमालिकेवर बेतलेला. ताकाहातांना हवी होती तुटकी, मोकळी रेघ. गालाची रेघ अर्ध्यात थांबते, घराची भिंत दोन फटकाऱ्यांत संपते, जलरंग रेघेच्या बाहेर सांडतो आणि कागदाचा पांढरा भाग तसाच राहतो. सेलवर हे अशक्य होतं. तिथे रंग सपाट आणि आकार बंदिस्त असावाच लागे. म्हणजे ज्या यंत्राने रेघेच्या करड्या छटा खाल्ल्या, त्याच यंत्राच्या साहाय्याने ताकाहातांनी रेघेला बंद आकारातून सोडवलं.

पण ते सुटणं फुकट नव्हतं. रेघ उघडी असेल तर रंग कुठे थांबायचा हे संगणकाला कळत नाही. म्हणून एका दिसणाऱ्या चित्रासाठी तीन चित्रं काढावी लागली. एक रेघेचं, एक रंगाच्या ओघळाचं, आणि एक न दिसणारं, रंगाला सीमा सांगणारं. तिन्ही हाताने. सहज रेखाटल्यासारखा भासणारा हा चित्रपट घिबलीच्या अत्यंत कष्टाच्या कामांपैकी आहे. पुढे २०१३ च्या त्यांच्याच ‘कागुया-हिमे’मध्ये, जिथे राजकन्या महालातून धावत सुटते आणि कोळशाच्या रेघा तिच्याबरोबर फाटत जातात, तिथे हीच वाट टोकाला गेलेली दिसते. हाताने काढलेलं ॲनिमेशन कधी नव्हे इतकं हाताने काढल्यासारखं दिसलं ते संगणक आल्यानंतर. मला या क्षेत्रातली सगळ्यात आनंदाची गोष्ट कोणती असं विचारलं तर मी ही सांगेन.

त्यानंतर खुद्द रेखाटनाचीच पाळी आली. टॅब्लेटवर, थेट पडद्यावर काढण्याची. फ्रान्समधलं टीव्हीपेंट, सेल्सिसचंच क्लिप स्टुडिओ पेंट, आणि टून्झ. काही स्टुडिओ लवकर वळले. सायन्स सारूने तर फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार घेऊन वेगळीच पद्धत बसवली आणि त्यांच्या ‘योआके त्सुगेरु रू नो उता’ या चित्रपटाला २०१७ साली फ्रान्समधल्या आन्सी ॲनिमेशन महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बाकी बराच काळ सरमिसळच होती, आजही आहे. एखादा तरुण चित्रकार गेंगा टॅब्लेटवर काढतो, त्याचे प्रिंट काढून पाकिटात घालतात, मधली चित्रं कागदावर निघतात, ती पुन्हा स्कॅन होतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पण साखळीतल्या प्रत्येकाचा हात ज्या साधनावर बसलेला आहे तिथेच त्याला काम करू देणं यात मला शहाणपण दिसतं.

मी पुण्यात हाताने काढायच्या ॲनिमेशनचे छोटे वर्ग घेते. येणारी मुलं बहुतेक एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली असतात, हात तयार असतो, आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला: “मॅडम, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?” मी त्यांना आधी कागदावर टॅपुवारी शिकवते. ॲनिमेमध्ये मधलं चित्र काढायची ही पद्धत, आणि जगातल्या कोणत्याही सॉफ्टवेअरइतकीच ती बुद्धिमान आहे.

समजा, पहिल्या मुख्य चित्रात चेहरा चौकटीच्या डाव्या कडेला आहे आणि दुसऱ्यात उजव्या, शिवाय तो थोडा वळलेलाही आहे. दोन्ही कागद टॅपवर बसवून प्रकाशपेटीवर ठेवले तर दोन चेहरे लांब लांब दिसतात. त्यांच्या मधलं चित्र अंदाजाने काढलं तर नाक सरकतं, डोळे लहान-मोठे होतात. म्हणून कागद टॅपवरून काढायचे आणि असे सरकवायचे की दोन्ही चेहरे एकमेकांवर येतील. आता भोकं जुळत नाहीत; पहिल्या कागदाची भोकं एकीकडे, दुसऱ्याची दुसरीकडे. तिसरा कोरा कागद असा ठेवायचा की त्याची भोकं बरोबर त्या दोन्हींच्या मध्यावर येतील. तिथे चिकटपट्टीने पक्का करायचा आणि चेहरा काढायचा. काढून झाल्यावर सगळे कागद पुन्हा टॅपवर चढवले की नवा चेहरा आपोआप दोघांच्या मध्ये जाऊन बसतो. पहिल्यांदा हे जमलं की मुलं कागद बोटांत धरून पुन्हा पुन्हा फडफडवून पाहतात. चेहरा वळतो. त्यांनी वळवलेला असतो.

हे हाताला आलं की मगच मी त्यांना ओपनटून्झ, म्हणजे टून्झचीच मोफत आवृत्ती, उघडून देते आणि त्यातलं शिफ्ट अँड ट्रेस दाखवते. काही समजावून सांगावं लागत नाही. मागचं-पुढचं चित्र तात्पुरतं सरकवायचं, फिरवायचं, एकमेकांवर आणायचं, मधलं काढायचं, आणि सगळं आपापल्या जागी परत. क्लिप स्टुडिओत लाइट टेबल नावाने हीच सोय आहे. कोणीतरी प्रकाशपेटीजवळ उभं राहून चित्रकारांच्या हातांकडे नीट बघितलं असणार, चिकटपट्टी कशासाठी लावतात ते विचारलं असणार, त्याशिवाय अशी गोष्ट सॉफ्टवेअरमध्ये येत नाही. टाइमशीटही उभीच राहिली. ओपनटून्झमध्ये आकडे वरून खाली वाचायचे, थेट कागदावरच्यासारखे. पिवळ्या कागदावरची दुरुस्ती रंगीत थर होऊन आली. एखादं साधन चांगलं की वाईट हे मी आता यावरूनच ठरवते. शिष्याची रेघ आणि गुरूची दुरुस्ती त्यात वेगवेगळी राहतात की नाही? एकाच थरात मिटवून पुन्हा काढलं की फाइल सुटसुटीत होते, पण कोण काय शिकलं ते त्यात दिसत नाही.

पडद्यावर काढण्याची एक सवय मात्र मला खटकते. कागद एका आकाराचा असतो, डोळा एका अंतरावर. टॅब्लेटवर चित्र हवं तितकं मोठं करता येतं, आणि मुलं पापणीच्या एका केसावर तासभर घालवतात. तीन फ्रेम दिसणाऱ्या चित्रातला तो केस कोणालाही दिसणार नसतो, आणि खांदा मात्र कलला आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही, कारण खांदा पडद्याबाहेर गेलेला असतो. मी त्यांना सतत चित्र लहान करून चालवून बघायला लावते. लगेच चालवून बघता येणं ही टॅब्लेटची मोठी देणगी आहे आणि तीच वापरली जात नाही.

कागद की फाइल, या वादात क्योटो ॲनिमेशनची आठवण आल्याशिवाय राहत नाही. १८ जुलै २०१९ ला त्यांच्या फुशिमीतल्या पहिल्या स्टुडिओला लावलेल्या आगीत ३६ जणांचा जीव गेला. वर्षानुवर्षांचे कागद जळाले. तळमजल्यावर काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीत सर्व्हर होता, त्यातली काही चित्रं नंतर परत मिळवता आली. तेव्हापासून ‘फाइल सुरक्षित असते’ हे वाक्य मला सहज उच्चारता येत नाही. चित्रं वाचली याचं समाधान खरं आहे. ती काढणारे हात परत आले नाहीत, आणि त्या स्टुडिओची खरी ठेव ते हातच होते. क्योटोत राहून, पगारावर, एकाच छताखाली पिढ्यांनी घडवलेले.

२०१६ च्या मार्चमध्ये द्वांगो या कंपनीने टून्झची घिबलीत वापरली जाणारी आवृत्ती ओपनटून्झ म्हणून सगळ्यांना मोफत खुली केली. माझ्यासारखीला हे केवढं होतं ते सांगता येणार नाही. जुन्या लॅपटॉपवर, कोणतीही फी न भरता, जगातल्या उत्तम चित्रपटांच्या कामाला आलेलं साधन. आपली छोटी छोटी हालती चित्रं इंटरनेटवर टाकणाऱ्या देशोदेशीच्या तरुणांना जपानी स्टुडिओ आता थेट कामं देतात. पाकीट उचलायला त्यांच्या दारात गाडी येत नाही, फाइल येते. २०२० च्या साथीत तर जपानमधल्या जपानमध्येही हाच मार्ग उरला होता.

आणि इथेच माझी खरी काळजी सुरू होते. मधली चित्रं काढणं हे या धंद्यातलं सगळ्यात खालचं आणि सगळ्यात कमी पैशांचं काम. एका चित्रामागे मिळणारी रक्कम साधारण दोनशे येनच्या आसपासच राहिली आहे. यातलं बरंचसं काम आज कोरिया, चीन, व्हिएतनामला जातं. तोएईचा तर मनिलात स्वतःचा स्टुडिओ आहे, आणि फाइल क्षणात पोचत असल्यामुळे हे फार सोपं झालं. दुसरीकडून मधलं चित्र आपोआप काढणारी साधनं येत आहेत. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातून निघालेलं काकानी त्यातलंच एक, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग त्याच्या पुढचे. हिशेबाने पाहिलं तर यात काही गैर नाही. कमी पैशांचं, डोळे फोडणारं काम यंत्राने केलं तर बरंच की.

पण गाणाऱ्याच्या मागे तानपुरा धरून बसणाऱ्या शिष्याचं काम हिशेबात तरी कुठे धरतात? चांगल्या चित्रकाराच्या दोन मुख्य चित्रांमध्ये बसून, त्याची रेघ आपल्या हाताने गिरवत, त्याने खांदा आधी का हलवला आणि मान नंतर का, हे शोधत शोधतच आजवरचा जवळजवळ प्रत्येक मोठा ॲनिमेटर घडला. वर दुरुस्त्यांचा पिवळा कागद यायचा, तो शाळेसारखा. पाकीट टेबलावरून टेबलावर फिरायचं तेव्हा नवशिक्याला वरच्या सगळ्यांचं काम बघायला मिळायचं. फाइल आली की आपल्यापुरतं काम उघडलं, पाठवलं, बंद केलं. बघायला मिळणं आता कोणीतरी मुद्दाम घडवून आणावं लागतं.

जपानमध्ये काही जण ते करत आहेत. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या नाफका या संघटनेने २०२४ मध्ये ॲनिमेटरांसाठी कौशल्य परीक्षा सुरू केली. तिच्या खालच्या पायऱ्या मधल्या चित्रांच्याच आहेत: रेघ नेमकी गिरवणं, दोन चित्रांमधला मध्य काढणं. ही बातमी वाचून मला मनापासून बरं वाटलं. ज्या पायरीवर पैसे मिळत नाहीत ती पायरी निदान मोजली तरी जाते आहे. आता पुढचं मागणं स्टुडिओंकडे आहे. रंग, वाहतूक, स्कॅनिंग, तपासणी यात यंत्राने वाचवलेल्या पैशांतला काही भाग नव्या मुलांच्या पहिल्या दोन वर्षांच्या पगारात जावा, आणि त्या दोन वर्षांत त्यांनी मधलीच चित्रं काढावीत. यंत्राला ती येत असली तरीही.